ग्रोटोपियात वर्ल्ड नफ्यात चालवायचं तर आधी बियाणं राखा

नाशिककडच्या पोराला 'बियाणं मोडून खाऊ नये' हे वेगळं शिकवावं लागत नाही. तरी ग्रोटोपियात, म्हणजे बिया लावून झाडांतून ब्लॉक काढायच्या ऑनलाइन खेळात, पहिला माल हाती आला की तोच पोरगा सगळे ब्लॉक विकून मोकळा होतो. बी मिळतं ते ब्लॉक फोडूनच, त्यामुळे पुढच्या खेपेला अर्धं शेत रिकामं पडतं. वर्ल्ड, म्हणजे खेळातली तुमची जागा, तोट्यात जायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. त्यामुळे या पोस्टमध्ये सजावटीपेक्षा हिशेबच जास्त आहे.

सुरुवात कुलपापासून. स्टोअरमध्ये वर्ल्ड लॉक २,००० जेम्सला (जेम्स म्हणजे ब्लॉक फोडताना पडणारे खेळातले पैसे) मिळतो आणि तो लावला की अख्खं वर्ल्ड तुमच्या नावावर होतं. स्मॉल लॉकमध्ये १० चौकोन येतात, बिगमध्ये ४८, ह्यूजमध्ये २००. नवखे पैसे वाचवायला ह्यूज लॉकवर शेत सुरू करतात. पण कुलपाबाहेर गेलेलं झाड कोणीही तोडून नेतो, आणि एका नीट शेतात दोन हजारांवर झाडं बसतात. म्हणून पहिले २,००० जेम्स वर्ल्ड लॉकसाठीच साठवा. तेवढे साधी माती फोडूनही जमतात, फक्त वेळ जातो.

वर्ल्ड १०० चौकोन रुंद असतं. तळाच्या सहा ओळी बेडरॉकच्या, त्या फुटत नाहीत. वर वापरायला ५४ ओळी उरतात. एक ओळ प्लॅटफॉर्मची आणि तिच्यावर एक ओळ झाडांची, अशा २७ जोड्या होतात. दोन्ही कडांना दोन-दोन चौकोन चढाउतारासाठी सोडा, म्हणजे ओळीला ९६ झाडं. दुकानाला दोन जोड्या दिल्या तर २५ गुणिले ९६, म्हणजे २,४०० झाडं. हा आकडा सोयीचा आहे. पिशवीत एका वस्तूचे जास्तीत जास्त २०० नग मावतात, म्हणजे बरोबर बारा भरलेल्या गठ्ठ्यांत शेत लागून होतं. ओळींसाठी मातीपेक्षा लाकडी प्लॅटफॉर्म बरा, कारण त्यातून खालून उडी मारून वर जाता येतं. मातीच्या ओळीत प्रत्येक वेळी कडेपर्यंत पळावं लागतं, आणि २,४०० झाडांच्या तोडणीत ती पळापळ फार महागात पडते.

आता काय लावायचं. झाड किती वेळात तयार होतं ते त्याच्या रेअरिटीवर, म्हणजे खेळाने दिलेल्या दुर्मिळतेच्या आकड्यावर, ठरतं: रेअरिटीचा घन, अधिक रेअरिटी गुणिले ३०, इतके सेकंद. मातीची रेअरिटी १, म्हणून ३१ सेकंद. पेपर ट्रीची (Pepper Tree) २१, म्हणून ९,८९१ सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांच्या किंचित आत. लेझर ग्रिडची ५१, म्हणून ३७ तास १६ मिनिटं. शँडेलिअरची ६०, म्हणून साडेसाठ तास. दोन बिया स्प्लाइस केल्या, म्हणजे एकत्र लावून नवं झाड केलं, की त्यांच्या रेअरिटीची बेरीज होते, आणि घनामुळे वेळ झपाट्याने वाढतो. रेअरिटी दुप्पट झाली की वेळ दुप्पट होत नाही, आठपटीच्या आसपास जातो. महाग दिसतं म्हणून लावलेलं झाड पुष्कळदा म्हणूनच परवडत नाही.

झाड निवडताना स्वतःचं वेळापत्रक समोर ठेवा. सकाळी कॉलेजरोडला क्लास आणि दुपारी घरी, असा दिवस असेल तर पेपर ट्रीच्या दोन खेपा आरामात होतात. सातपूरला कामावर जाणाऱ्याला ते जमणार नाही, त्याने शँडेलिअर धरावं. शुक्रवारी रात्री ८ ला लावलेलं सोमवारी सकाळी साडेआठला तयार. लेझर ग्रिड शनिवारी रात्री ९ ला लावलं तर सोमवारी सकाळी सव्वादहाला. तयार झाड सडत नाही की गळत नाही, तोडणीला दोन दिवस उशीर झाला तरी माल तेवढाच निघतो. द्राक्षबागेत मणी तडकायची धास्ती असते, तशी इथे नाही. वाया जातो तो वेळ.

पेपर ट्री, लेझर ग्रिड आणि शँडेलिअर यांना फार्मेबल म्हणतात. हे ब्लॉक फोडले की साध्या ब्लॉकपेक्षा जेम्स जास्त पडतात आणि बीही जास्त वेळा परत मिळतं. हे 'जास्त वेळा' म्हणजे नक्की किती, ते स्वतः मोजल्याशिवाय पैसा गुंतवू नका. पद्धत साधी आहे. २०० बिया लावा, तोडा, ब्लॉक मोजा. सगळे फोडा, फोडताना एखादा ब्लॉक अख्खा परत पडतो, तोही पुन्हा ठेवून फोडा. शेवटी बिया आणि जेम्स मोजून वहीत लिहा. हेच तीनदा करा, एका खेपेवर विसंबू नका.

समजा, २०० झाडांचे ८०० ब्लॉक निघाले आणि सगळे फोडून २२० बिया आल्या. म्हणजे साधारण ३.६ ब्लॉक फोडले की एक बी. शेत जागेवर ठेवायला २०० बिया हव्यात, त्यासाठी ७२७ ब्लॉक फोडायलाच लागतील. विकायला मोकळे फक्त ७३. उरलेली कमाई फोडताना पडलेल्या जेम्सची. ज्याने ८०० पैकी ४०० विकले त्याच्याकडे पुढच्या खेपेला ११० बियाच उरतात, आणि मग तो बाजारभावाने बी विकत घेतो. त्या भावात दुसऱ्याचा नफा धरलेला असतो. खेळाडूंच्या बाजारात वर्ल्ड लॉकच चलन म्हणून चालतो, म्हणून जेम्सची किंमतही लॉकमध्येच धरा: २,००० जेम्सला स्टोअरमध्ये एक वर्ल्ड लॉक. एका तासात फोडून किती जेम्स पडले ते या हिशेबाने मोजलं की कोणतं झाड खरंच पिकतं ते कळतं.

विक्रीला व्हेंडिंग मशीन लागतं, आणि खरी रडारड इथेच होते. पाना मारून यंत्र उघडलं की भाव दोन तऱ्हांनी लावता येतो: एका लॉकला इतके नग, किंवा एका नगाला इतके लॉक. आकडा तोच राहतो आणि अर्थ उलटा होतो. पाच लॉकची एक वस्तू 'एका लॉकला ५' अशी लागली, तर २० नगांचे १०० लॉक, म्हणजे अख्खा एक डायमंड लॉक, यायच्या जागी ४ लॉक येतात. यंत्रातून गेलेला माल परत मागता येत नाही, आणि असा भाव दिसला की गिऱ्हाईक मिनिटात यंत्र रिकामं करतं. म्हणून आधी एकच नग भरा, भाव लावा, बाजूला होऊन यंत्रावरचा मजकूर मोठ्याने वाचा, मगच बाकीचा माल भरा. हा कंटाळा कधीही करू नका.

भाव ठरवताना लासलगावची रीत उपयोगी पडते: आवक वाढली की भाव पडतो. २,४०० झाडांचा माल एकाच संध्याकाळी यंत्रात ओतला की शेजारचा दुकानदार तुमच्या खाली उतरतो, तुम्ही त्याच्या खाली उतरता, आणि दोघंही बियाण्याच्या किमतीत माल विकता. २००-२०० नगांनी भरा. शाळांना सुट्टी लागली की फोडणारे हात वाढतात, तेव्हा ब्लॉकपेक्षा बी विकणं बरं, कारण तेव्हा प्रत्येकाला शेत लावायचं असतं.

वर्ल्डमध्ये येणारा प्रत्येकजण ज्यातून आत येतो त्या पांढऱ्या दाराला चिकटून दुकान मांडा. हे दार कुठे येईल ते खेळ ठरवतो. डोअर मूव्हरने ते हलवता येतं, पण दुकानच दाराकडे नेणं स्वस्त पडतं. गिऱ्हाईक आत आलं की दोन उड्यांत पहिलं यंत्र दिसलं पाहिजे. दहा यंत्रं असतील तर चालू भावाची दोन-तीन पुढे आणि बाकीची मागे. शेतात जायचा दरवाजा पासवर्डचा ठेवा. त्याहून बरं म्हणजे शेत वेगळ्याच वर्ल्डमध्ये ठेवा आणि तिथे सिग्नल जॅमर लावा, म्हणजे चालू वर्ल्डच्या यादीत ते दिसत नाही. दुकानात मात्र जॅमर लावू नका, गिऱ्हाईकच यायचं थांबेल. तिथे पंच जॅमर हवा, नाहीतर टवाळ पोरं यंत्रासमोर उभ्या माणसाला ढकलत बसतात. जाहिरातीसाठी सुपर ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्या खेळाडूंना दिसणारा संदेश, आहे, पण त्याचा दर मागणीप्रमाणे चढतो. रविवारी संध्याकाळी तो महाग असताना ओरडण्यापेक्षा वर्ल्डचं नाव लहान आणि एकदा ऐकून टाइप करता येईल असं घ्या. नावात इंग्रजी ओ असेल तर त्या जागी शून्य घालून कोणी दुसरं दुकान उघडतो आणि तुमचं गिऱ्हाईक तिकडे फसतं. शक्य असेल तर ते अक्षरच टाळा.

मदतनीस घेणार असाल तर वर्ल्ड लॉकवर त्याला परवानगी देऊ नका. ती दिली की त्याला वर्ल्डभर फोडता येतं, आणि 'माझा मावसभाऊच आहे तो' हे कारण मागाहून कामाला येत नाही. त्याच्या कामाच्या जागेपुरता ह्यूज लॉक लावा आणि परवानगी तेवढ्यावरच द्या. मजुरी ब्लॉकवर ठरवा, उदाहरणार्थ १०० ब्लॉक फोडले की त्यातले जेम्स त्याचे, बिया तुमच्या. ही वाटणी दोघांना परवडते आणि बियाणं घरात राहतं.

वर्ल्ड विकायचंच झालं तर लॉकच्या खिडकीतून वर्ल्ड की (वर्ल्डची किल्ली) काढा आणि ट्रेडच्या चौकटीत एकाच वेळी देवाणघेवाण करा. 'आधी लॉक खाली टाक, मग की देतो' म्हणणाऱ्याशी व्यवहार थांबवा. लॉक खऱ्या रुपयांत विकणं नियमाबाहेर आहे आणि त्यात खातं बंद होतं. आपोआप फोडणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तेच. २,४०० झाडं हातानेच तोडायची असतात, म्हणून शेत वर्ल्डभर लावण्याआधी एक आठवडा फक्त सहा ओळी चालवून बघा. ५७६ झाडांची लागण, तोडणी आणि फोडणी तुमच्या मोकळ्या वेळात बसत नसेल, तर ओळी वाढवू नका, कमी रेअरिटीचं झाडही घेऊ नका. जास्त वेळ घेणारं झाड घ्या, म्हणजे आठवड्याच्या खेपा कमी होतील.