मुंबई ते नेवार्क, एप्रिल २०२२: लस, चाचणी आणि कागदपत्रं

एप्रिल २०२२ मध्ये कोविडच्या नियमांमुळे अमेरिकेला जाताना लसीचे आणि चाचणीचे कागद लागायचे; हे नियम आता राहिलेले नाहीत. अमेरिकेत उतरल्यावर लसीचा कागद दाखवायचा, अशी अनेकांची समजूत असायची. प्रत्यक्षात खरी तपासणी मुंबईतच व्हायची, विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर. कागद अपुरे असले तर बोर्डिंग पास मिळत नसे. नाव, जन्मतारीख, डोसच्या तारखा हे सगळं पासपोर्टशी ताडून पाहायचे, त्यामुळे रांग सावकाश सरकायची. चार तास आधी पोचलेलं बरं असायचं.

सगळ्यात जास्त अडायचं ते नावावर. आधारवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे, आणि कोविनवर, म्हणजे सरकारच्या लसनोंदणीच्या पोर्टलवर, लसीकरण केंद्रात घाईघाईत टाइप झालेलं तिसरंच काहीतरी. तिकीट काढलं की त्याच आठवड्यात कोविनवर ‘रेज ॲन इश्यू’मध्ये जाऊन नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्यायचं आणि मगच पासपोर्ट क्रमांक जोडायचा. दुरुस्तीची संधी मोजकीच मिळायची, म्हणून पासपोर्ट समोर उघडा ठेवून एकेक अक्षर टाइप करायचं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीचं प्रमाणपत्र वेगळं डाउनलोड करायचं. पूर्ण जन्मतारीख त्यावरच यायची.

८ नोव्हेंबर २०२१ पासूनच्या नियमानुसार व्हिजिटर व्हिसावर जाणाऱ्यांचे दोन्ही डोस झालेले लागत आणि दुसऱ्याला १४ दिवस उलटलेले लागत. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन दोन्ही चालत, बूस्टर मागत नसत. स्पुटनिक-व्ही मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नसल्याने धरली जात नसे. १८ वर्षांखालच्या मुलांना लसीची अट नव्हती. अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाही ती लागू नव्हती, पण चाचणी त्यांनाही चुकत नसे. दोन वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ती करावीच लागे.

चाचणीची मुदत होती ‘प्रवासाच्या एक दिवस आधी’, आणि इथेच लोक फसायचे. हे २४ तास नव्हेत, तारखेचा दिवस मोजायचा. विमान शुक्रवारी दुपारी असेल तर गुरुवारी पहाटेचा नमुनाही चालायचा, म्हणजे तीस-पस्तीस तास हाताशी असायचे. पण मुंबईहून अमेरिकेची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. शुक्रवारी रात्री दीडचं विमान म्हणजे गुरुवार-शुक्रवारमधली रात्र. तेव्हा बुधवारी रात्री नऊला दिलेला नमुना बाद व्हायचा, गुरुवारचाच लागायचा. आरटी-पीसीआरचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत देण्याची हमी लॅब देत नसेल तर सरळ रॅपिड अँटिजेन करायची. अमेरिकेला तीही मान्य होती. मात्र घरगुती किटचा फोटो नाही, लॅबचाच छापील रिपोर्ट लागायचा. त्यावर चाचणीचा प्रकार, लॅबचं नाव, निकाल, पासपोर्ट क्रमांक किंवा जन्मतारीख, आणि नमुना घेतल्याची तारीख असावी लागे. काही रिपोर्टांवर फक्त रिपोर्ट दिल्याची तारीख असायची. लॅबमधून निघण्याआधी तेवढं बघून घ्यायचं.

गेल्या ९० दिवसांत कोविड होऊन गेला असेल तर पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि प्रवासास हरकत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र चाचणीऐवजी चालायचं. बरं झाल्यावरही आरटी-पीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे हे पत्र फार मोलाचं होतं.

याशिवाय दर प्रवाशामागे लस-चाचणीबाबतचं एक घोषणापत्र लागायचं. काही कंपन्या ते वेब चेक-इनमध्येच भरून घ्यायच्या. तरी छापील प्रत जवळ ठेवायची. मधे दुसऱ्या देशात विमान बदलणार असाल तर त्या देशाचे ट्रान्झिटचे नियम वेगळे तपासा. वयस्कर आईवडील एकटे निघणार असतील तर थेट विमानच घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी.

परतताना नियम उलटा व्हायचा. भारत सरकारच्या एअर सुविधा या पोर्टलवर फॉर्म भरून लसीचं प्रमाणपत्र किंवा ७२ तासांच्या आतली आरटी-पीसीआर जोडावी लागे. इथे अँटिजेन चालत नसे. अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानात ‘रॅपिड’ म्हणून जी चाचणी मिळायची ती बहुधा अँटिजेनच असायची, तेव्हा बुक करतानाच विचारायचं. पाच वर्षांखालच्या मुलांना चाचणी नव्हती. मुंबईत उतरल्यावर दर शंभरातल्या दोघांचा नमुना घ्यायचे. तो दिला की थेट घरी जाता यायचं, निकालासाठी थांबवत नसत. निकाल नंतर यायचा, म्हणून एअर सुविधाच्या फॉर्मवर भारतात चालू असलेलाच फोन नंबर लिहायचा.