लहान ट्रॅक्टरच्या चाकांतील हवा: बाविसावरून चौदावर

क्लचच्या पेडलचे काम संपल्यावर चाकांतील हवेचा दाब एकदाचा नीट ठरवून टाकावा, असे मनात होते आणि त्यासाठी एखादी सकाळ पुरेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात या विषयाने दोन महिने घेतले. ट्रॅक्टर चारचाकी ओढीचा, म्हणजे इंजिनाची ओढ पुढच्या चाकांनाही देता येणारा, आहे, चालकासह त्याचे वजन ९०० किलोच्या आसपास भरते, मागे ८.३-२० आणि पुढे ७-१२ मापाचे साधे, म्हणजे रेडियल नसलेले, ट्यूबचे टायर आहेत. मापातील आडवी रेघ हीच साध्या टायरची खूण असते. रेडियल टायर असता तर त्या जागी ‘आर’ हे अक्षर आले असते. हा फरक आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे आकडे साध्या टायरचे आहेत आणि ते रेडियलला लावू नयेत.

पहिली अडचण मापकाची निघाली. माझ्याकडे तीन मापक होते आणि एकाच चाकावर एकापाठोपाठ एक लावले असता त्यांनी १९, २२ आणि २६ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) दाखवले. यातला एक मालमोटारीच्या टायरसाठीचा, शून्य ते दोनशेपर्यंतच्या तबकडीचा होता. त्यावर १२ आणि १६ यांमधले अंतर काट्याच्या जाडीएवढेच आहे, त्यामुळे आपल्या कामाला तो निरुपयोगी ठरतो. मग शून्य ते तीस पीएसआयचा, अर्ध्या पीएसआयच्या खुणा असलेला मापक घेतला आणि तेव्हापासून प्रत्येक नोंद त्याच एका मापकाने केली. तो अगदी अचूक आहे असा माझा दावा नाही. पण दोन नोंदींची तुलना करायची तर मापक एकच असणे जास्त महत्त्वाचे आहे. नव्या मापकाने मागच्या चाकांचा खरा दाब २२ आणि पुढच्या चाकांचा २४ निघाला.

हे २२ कुठून आले, याचा विचार केला तेव्हा स्वतःचेच हसू आले. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा मी पाहिला होता आणि ‘त्याहून थोडे कमी ठेवू’ एवढ्याच हिशोबाने हवा भरत आलो होतो. तो आकडा म्हणजे टायरची कमाल भारक्षमता ज्या दाबावर मिळते तो दाब. माझ्या चाकावर प्रत्यक्षात किती भार आहे याची त्या टायरला काही कल्पना नसते. तिथेच आणखी एक सूचना असते, ती म्हणजे टायर रिमवर बसवताना दाब ३५ च्या वर नेऊ नये, आणि पुष्कळ जण या दोन आकड्यांची गल्लत करतात. टायरवर छापलेल्या ‘सहा पीआर’चेही (पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, थरांचा दर्जा) तसेच. त्याचा अर्थ आत सहा थर आहेत असा नसून, त्या दर्जाची ताकद आहे एवढाच असतो.

म्हणून सुरुवात वजनापासून केली. वजनकाट्यावर आधी पूर्ण ट्रॅक्टर उभा केला, मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून मागची बाहेर ठेवली आणि त्यानंतर उलट. चालक प्रत्येक वेळी बसलेला आणि डिझेलची टाकी भरलेली होती. पुढच्या आसावर ३८० आणि मागच्या आसावर ५२० किलो भरले. त्यानंतर रोटाव्हेटर जोडून, तो लिफ्टवर पूर्ण उचलून, पुन्हा तेच केले. मागे ८६० आणि पुढे २५० किलो. रोटाव्हेटर अवघा २१० किलोचा आहे, तरी मागचा भार ३४० किलोंनी वाढला.

हे कोडे नाही, तरफेचा साधा नियम आहे. मागचा आस हा टेकू धरला तर रोटाव्हेटरचा भारमध्य त्याच्या मागे सुमारे ०.९ मीटरवर येतो आणि दोन आसांमधले अंतर दीड मीटर आहे. २१० गुणिले ०.९ भागिले १.५ केले की १२६ येतात. तेवढे किलो पुढच्या चाकांवरून उचलले जाऊन मागच्या चाकांवर जातात, शिवाय अवजाराचे स्वतःचे २१० किलो आहेतच. कागदावर मागे ८५६ आणि पुढे २५४ येतात. काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने वाचतो, हे लक्षात घेतले तर मेळ उत्तम आहे. ज्यांना काटा जवळ नाही त्यांनी हे गणित निर्धास्त वापरावे; मात्र ट्रॅक्टरच्या दोन आसांवरचे मूळ वजन माहितीपुस्तिकेतून घ्यावे आणि त्यात चालकाचे वजन मिळवायला विसरू नये. पुढच्या आसावर एकूण वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी भार उरला तर सुकाणू हलके पडते. माझ्याकडे २३ टक्के उरतात, म्हणजे ठीक आहे, पण फार ऐसपैस नाही.

मागच्या एका चाकावर ४३० किलो, असे सरळ निम्मे करून चालणार नव्हते. माझा रोटाव्हेटर मध्यरेषेपासून उजवीकडे सरकवलेला आहे, त्यामुळे उजव्या चाकावर भार जास्त असणार. दोन चाके वेगवेगळी तोलण्याची सोय नव्हती, म्हणून ४६० किलो धरून टायर बनवणाऱ्याच्या तक्त्यात पाहिले. त्या तक्त्यात एका बाजूला दाब, दुसऱ्या बाजूला वेग आणि मधल्या घरांत एका टायरने पेलायचा भार असतो. वेग जितका कमी, तितका त्याच दाबावर जास्त भार चालतो, आणि म्हणूनच शेतातला आणि रस्त्यावरचा दाब वेगळा असू शकतो. तक्त्याने मला मागे १४ सांगितले. अवजार न जोडता तर सर्वांत खालचा, म्हणजे १२ चा, रकानाही पुरला असता. आजवर मी गरजेपेक्षा आठ पीएसआय जास्त घेऊन फिरत होतो.

इथे मी एक चूक केली, ती सविस्तर सांगतो. चौदाने एवढा फरक पडतो तर आठ करून पाहू, असे डोक्यात आले आणि कल्टिव्हेटर लावून वापशावरच्या जमिनीत अर्धा दिवस काम केले. ओढ झकास होती. संध्याकाळी चाके धुताना डाव्या चाकाच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून सरळ न येता एका बाजूला झुकलेला दिसला, आणि त्याच्या मुळाशी रबर ताणून पांढुरके पडले होते. टायर रिमवर हळूहळू फिरला होता आणि जाताना ट्यूबला सोबत ओढत होता. आणखी तासभर काम झाले असते तर व्हॉल्व्ह मुळातून उपटला असता. चाक उतरवून हवा पूर्ण सोडली, टायरची कड रिमवरून मोकळी केली, ट्यूब जागेवर फिरवून घेतली आणि पुन्हा हवा भरली. त्यात दुसरा अख्खा दिवस गेला. तक्त्यात बाराखाली रकाना का नाही, हे त्या दिवशी हाताला कळले. त्यानंतर दोन्ही मागच्या चाकांवर रिमपासून टायरपर्यंत एक सलग पांढरी रेघ रंगाने ओढून ठेवली आहे. रेघ तुटलेली दिसली की टायर फिरला, हे दुरूनही समजते. ट्यूबचे टायर वापरणाऱ्या प्रत्येकाने ही रेघ ओढावी, असा माझा आग्रह राहील.

आता ओढीच्या मोजणीकडे येतो. चाक किती घसरते हे काढण्यासाठी मागच्या चाकावर खडूची खूण केली आणि अवजार उचलून, त्याच शेतात, चाकाचे दहा फेरे होईपर्यंतचे अंतर टेपने मोजले. नंतर कल्टिव्हेटर नेहमीच्या खोलीला लावून पुन्हा दहा फेरे मोजले. २२ पीएसआयवर ही अंतरे २६.४ आणि २१.९ मीटर आली, म्हणजे घसर १७ टक्के. १४ पीएसआयवर ती २६.१ आणि २२.७ आली, म्हणजे घसर १३ टक्के. साधारण १० ते १५ टक्के घसर असताना चाक चांगले ओढते. त्याहून जास्त झाली तर डिझेल आणि टायर दोन्ही जमिनीत झिजतात, आणि फारच कमी झाली तर ट्रॅक्टर विनाकारण वजन वाहतो आहे असे समजावे. चाचणी मुद्दाम कल्टिव्हेटरवर घेतली, कारण रोटाव्हेटरची पाती फिरताना ट्रॅक्टरला पुढे ढकलतात आणि त्यामुळे घसरीचा आकडा फसवा निघतो. मला हे ठाऊक असूनही पहिल्यांदा रोटाव्हेटरवरच मोजून बसलो होतो, ती नोंद खोडून टाकली आहे.

अंतर २६.४ वरून २६.१ झाले, हा तीस सेंटिमीटरचा फरक किरकोळ वाटेल, पण चारचाकी ओढीच्या ट्रॅक्टरवर तो किरकोळ नसतो. हवा कमी झाली की चाक दबते आणि एका फेऱ्यात कमी अंतर कापते. पुढची आणि मागची चाके गिअरांनी एकमेकांशी बांधलेली असल्याने, एका जोडीचा दाब बदलला की दोघींचे नाते बिघडते. पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित पुढे, म्हणजे १ ते ५ टक्क्यांच्या आत, धावायला हवीत. ती मागे पडली तर पुढचे टायर ओढण्याऐवजी फरफटतात. हे मोजण्यासाठी घट्ट मातीच्या सरळ वाटेवर मागच्या चाकाच्या दहा फेऱ्यांत पुढचे चाक किती फिरते ते मोजले, एकदा पुढची ओढ सोडून आणि एकदा लावून. अपुरा फेरा टायरवरचे उंच पट्टे मोजून धरला. ओढ लावल्यावर फेरे नेहमीच १३.२ येतात, कारण ते गिअरांवर ठरतात. ओढ सोडल्यावर जुन्या दाबावर १२.९ फेरे आले, म्हणजे पुढची चाके २.३ टक्के पुढे. मागची हवा १४ केल्यावर १२.७५ आले आणि आघाडी ३.५ टक्क्यांवर गेली. मर्यादेत होती, पण वळताना सुकाणू जड जाणवू लागले. पुढचा दाब २४ वरून २० केला, तेव्हा १२.८५ फेरे आणि २.७ टक्के आघाडी मिळाली. भाराच्या तक्त्यानुसार पुढे २० पुरेसे आहेतच, म्हणून तिथेच थांबलो.

मातीवर काय फरक पडला, हे पाहण्यासाठी फरशीवर चुन्याची भुकटी पसरून ट्रॅक्टर अलगद पुढे घेतला. बाविसावर टायरचे फक्त मधले पट्टे उमटले. चौदावर खांद्यापर्यंतचे पट्टे उमटले आणि ठसा लांबीलाही वाढला. हिशोबानेही हे पटते. ४३० किलोंचा भार २२ पीएसआयवर पेलायला सुमारे २७८ चौरस सेंटिमीटर जागा लागते आणि १४ पीएसआयवर सुमारे ४३७. रबराचा स्वतःचा ताठपणा थोडा भार उचलतो, त्यामुळे ठसा मोजून हे आकडे तंतोतंत मिळणार नाहीत, पण प्रमाण कळते. वरच्या थरातली माती किती दबते हे बरेचसे या दाबावर ठरते, तर खोल थरातली आसावरच्या एकूण भारावर. त्या दुसऱ्या बाबतीत आपले लहान ट्रॅक्टर मुळातच सभ्य आहेत. शेतात चाकोऱ्या पूर्वीपेक्षा उथळ पडतात, हे तर नुसत्या नजरेलाही दिसते. जाता जाता आठवले म्हणून लिहितो: १९३२ मध्ये अलिस-चाल्मर्स कंपनीने मॉडेल यू ट्रॅक्टरवर लोखंडी चाकांऐवजी हवेचे टायर आणले, तेव्हा सुरुवातीच्या प्रयोगांत विमानाचे टायर कमी दाबावर वापरले होते. ट्रॅक्टरचा टायर आणि कमी दाब यांची जोडी पहिल्यापासूनची आहे.

तापमानाने मला एकदा चकवले. सकाळी १८ अंशाला १२ असलेली हवा दुपारी उन्हात १३.५ दिसली आणि मी ती सोडून पुन्हा १२ केली. दुसऱ्या सकाळी अर्थातच ती साडेदहा भरली. एवढ्या कमी दाबावर १० अंशांमागे साधारण १ पीएसआय फरक पडतो. बारामध्ये एकाचा फरक लहान नसतो, म्हणून आता दाब फक्त सकाळी, चाके थंड असताना पाहतो.

दोनचाकी ट्रॉली जोडून रस्त्यावर जायचे असेल तेव्हा मागे १८ करतो, कारण ट्रॉलीच्या दांड्याचा भार मागच्या आसावरच येतो आणि वेगही वाढलेला असतो. त्या वेळी पुढची ओढ सोडलेली असते, त्यामुळे पुढचे २० तसेच राहतात. परत आल्यावर चार पीएसआय सोडायचा कंटाळा येतो, हे कबूल करतो. दोनदा तसाच शेतात गेलो आहे.

सध्या मागे १४, पुढे २० आणि रेघा दोन्ही चाकांवर सलग आहेत. पुढचे काम वजन वाढवण्यासाठी मागच्या चाकांत पाणी भरून पाहण्याचे आहे. व्हॉल्व्ह वर ठेवून तीन चतुर्थांश भरायचे, इतपत तयारी झाली आहे. पण पाण्यामुळे हवेची जागा कमी होऊन टायर ताठ होतो, म्हणून घसरीची आणि आघाडीची दोन्ही मोजणी नव्याने करावी लागेल. पाण्यावर चालणारा मापक हाती आला की सुरुवात करीन.