तुम्ही विचारलंत म्हणून : मी खेळाच्या बातम्यांकडे का वळलो

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसमोर बोलायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो : राजकारण सोडून तुम्ही क्रीडा पत्रकारितेतच का आलात, आणि ही ओढ टिकली कशी? उत्तर क्रिकेटपासून सुरू होईल, असे त्यांना वाटते. सोलापूरच्या पार्क मैदानावर सामने पाहतच मी वाढलो, हे खरे आहे. ज्यांचे बालपण सोलापुरात गेले त्या पॉली उम्रीगर यांनी १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढून कसोटीतले भारताचे पहिले द्विशतक झळकावले, हे वडील आम्हाला अभिमानाने सांगत.

परंतु मला या व्यवसायात आणले ते खो-खोने. महाविद्यालयात असताना एका जिल्हा स्पर्धेत मी गुणपत्रक लिहीत होतो. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली एक मुलगी संरक्षणाला उतरली. आठ आक्रमक एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या, नववी तिच्या मागावर, आणि ही एकेरी साखळी खेळत, म्हणजे बसलेल्या एकेकीला वळसा घालत नागमोडी धावत, खो मिळण्याच्या आत दोघींमधून निसटत राहिली. ती खांबाजवळ बाद झाली तेव्हा मी लिहिले : ३.१० मिनिटे. नऊ मिनिटांच्या पाळीतला एक तृतीयांशाहून अधिक वेळ तिने एकटीने खेळून काढला होता.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यांत विजेता संघ होता, पाहुण्यांची नावे होती, तिचे नव्हते. उम्रीगरांच्या २२३ धावा कोणालाही, कधीही सापडतील. ती तीन मिनिटे दहा सेकंद मात्र माझ्या हातातल्या कागदाखेरीज कुठेच नव्हती, आणि तो कागद रद्दीत जाणार होता. त्या अस्वस्थतेतच मी पहिली बातमी लिहिली आणि दुसऱ्या दैनिकात नेऊन दिली. ती छापून आली.

अंक घेऊन तिच्या घरी गेलो तेव्हा आई विड्या वळत बसली होती. घरातली भाषा तेलुगू. मराठी वाचता येत नव्हते. मुलीने नावावर बोट ठेवले. आईने तेंदूची पाने कापायची कात्री पदराला पुसली आणि बातमी अगदी कडेकडेने, कंसातल्या वेळेसकट कापून घेतली.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवले आणि या खेळाला वर्तमानपत्रांत मोठी जागा मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला. माझे काम मात्र अजूनही जिल्ह्याच्या मैदानावरच अधिक असते. सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू आडनावे मराठी बातमीत फार विद्रूप होतात. म्हणून सामना संपला की बक्षीस समारंभाआधी मी वही खेळाडूंपुढे धरतो आणि ज्याचे नाव त्यालाच लिहायला सांगतो.