भोपळा आणि पाना

मंगळवार, रात्री साडेदहा

संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली ती तब्बल दोन तास. भाची सुट्टीला आलीये, यंदा नववीत जाईल. मोबाइल सहा टक्क्यांवर आला तेव्हा बाईसाहेबांना घरातल्या माणसांची आठवण झाली. गॅलरीत आईच्या खुर्चीशी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मावशी, सिंड्रेला सांगू?"

"एवढी घोडी झालीस आणि सिंड्रेला?"

"ती नाही गं. फ्युचरमधली."

मनात म्हटलं, झालं, जादूच्या कांडीला बॅटरी लावली असणार. या प्रकाराचा मला जुना कंटाळा आहे. घोड्याच्या जागी रॉकेट, परीच्या जागी रोबो, आणि गोष्ट आहे तिथेच. पण अंधारात दुसरं करणार काय? ऐकत बसले.

पुस्तक मरिसा मायरचं, 'सिंडर', २०१२ सालचं. पुढच्या भागांत लाल टोपीवाली, रापुन्झेल आणि हिमगौरी येतात म्हणे. रापुन्झेलला मनोऱ्याऐवजी उपग्रहात कोंडलंय, केस मात्र लांबच. हिने ते सगळं इंग्रजीत वाचलेलं, सांगत होती मराठीत. 'सायबॉर्ग'पाशी अडली. मी यंत्रमानव सुचवलं तर म्हणाली, "तो रोबो. ही माणूसच आहे, फक्त हात, पाय आणि थोडं आतलं मशीनचं." पुस्तकात आकडाही आहे, ३६.२८ टक्के. एवढ्यावरून सावत्र आई तिला माणसात धरत नाही. कायद्यानं ती तिच्या मालकीची. शहरात साथ आलेली, औषधाच्या प्रयोगांसाठी सायबॉर्ग पकडून नेतात, आणि ही बाई पोरीला स्वतःहून देऊन टाकते. साथीचं सांगताना भाचीचा आवाज जरा खाली आला. २०२०मध्ये ती जेमतेम दुसरी-तिसरीत होती. बाजारात एकाला लागण झाली की गाळे धडाधड बंद होतात, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आता पायाची गोष्ट. सिंडर बाजारात मेकॅनिकचा गाळा चालवते. अगदी सुरुवातीलाच ती घोट्याचा गंजलेला स्क्रू काढून स्वतःचा पाय उतरवून ठेवते, कारण तो लहानपणी बसवलेला, केव्हाचा तोकडा पडलेला. तेवढ्यात गाळ्यावर येतो राजपुत्र! आणि शेवटी राजवाड्याच्या पायऱ्यांवर बूट राहत नाही, तो तोकडा पायच निखळून राहतो.

इथे मी सरसावून बसले. ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलात सावत्र बहिणी बुटात पाय मावावा म्हणून एक अंगठा कापते, दुसरी टाच. आईच सुरी देते, वर सांगते की राणी झाल्यावर तुला चालायचंय कुठे. भाचीला हे ठाऊक नव्हतं. "ईऽऽ" म्हणाली आणि पुन्हा सांगायला लावलं. मग मी नवव्या शतकातली चीनमधली सिंड्रेला, ये श्येन, सांगितली. तिच्याकडे परी नाही, मासा आहे. सावत्र आई तो मारून खाते, पण काटे जपून ठेवले तर मागाल ते देतात. तिथेही हरवतो तो बूटच, सोन्याचा. मायरची कथा न्यू बीजिंगमध्ये घडते, हा योगायोग नसावा. पुढे पुढे जाताना बाई मागे जाऊन आलेली दिसते.

आई इतका वेळ गप्प होती. भाची तिला म्हणाली, "आजी, तुझे दोन्ही गुडघे बदललेत. म्हणजे तूपण थोडी सायबॉर्ग."

"मशीनचे आहेत ना? मग पावसात ठणकतात कशाला?"

मग आईनं विचारलं, "ती भोपळ्यात बसून जाते ना? त्याचं काय केलंन?" फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७च्या कथेत परी भोपळ्याची बग्गी करते, आणि बारा वाजले की पुन्हा भोपळा. इथे भंगारात पडलेली जुनीपुराणी नारिंगी मोटार आहे. घरकाम करणारी रोबो म्हणते, हा तर सडका भोपळा. सिंडर ती पाना घेऊन स्वतः दुरुस्त करते, चालवत नेते आणि नाचाला पोचते ती चुरगळलेल्या कपड्यांत, हातमोज्यांना ग्रीस लावून. परी नाही, त्यामुळे बाराची धास्तीही नाही. मला सगळ्यात आवडलं ते हे. पुस्तकात चंद्रावरची एक राणीही आहे, तो मामला बराचसा डोक्यावरून गेला.

"मग ही आपल्या म्हातारीसारखीच," आई म्हणाली आणि लागलीच सुरू झाली. लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. परतताना कोल्हा आडवा, वाघ आडवा, आणि आतून आवाज, "म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक." खरंच की! परी नाही, कांडी नाही. लेकीनं दिलेला एक भोपळा आणि म्हातारीचं डोकं. सिंड्रेलापेक्षा सिंडर हिच्या जास्त जवळची. हे माझ्या आधी आईला दिसलं.

भाची विचारात पडली. "मावशी, ती नुसतं बोलते आणि भोपळा चालतो. ड्रायव्हरलेस, व्हॉइस कमांडवर. वर मालकिणीचं लोकेशन पण सांगत नाही!"

आईला यातलं काही कळलं असेल तर शपथ. ती अजून त्या मोटारीतच अडकली होती.

"आणि ती तुमची पोरगी भोपळ्याला काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली आजी. पेट्रोलवर चालते ती."

"शी," आई म्हणाली, आणि लाइट आली.