कोरेश आणि सायरस

आमच्या चर्चच्या सभागृहात गेल्या पावसाळ्यापासून भिंतीलगत एक सुतळी ताणून बांधलेली आहे. संडे स्कूलच्या मुलांना जगाचा इतिहास शिकवण्यासाठी पाचशे वर्षांना एक मीटर असे प्रमाण धरून, परंपरेने मानल्या जाणाऱ्या अब्राहामाच्या काळापासून आजपर्यंतची चार हजार वर्षे आम्ही तिच्यावर मांडली आणि मधोमध येशूच्या जन्माची गाठ मारली. प्रत्येक घटनेची चिठ्ठी कपडे वाळत घालायच्या चिमट्याने अडकवायची, एवढाच नियम. पहिल्याच रविवारी सातवीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, दोरी हितंच संपली की! मग मोहेंजोदडो कुठं अडकवायचं?" त्याचे बरोबर होते. सिंधू नगरांचा बहर इ. स. पू. २६०० च्या सुमारास सुरू होतो. सव्वा मीटर सुतळी आणखी जोडून ती खिडकीच्या गजाला बांधावी लागली.

ख्रिस्ती दृष्टीने इतिहास शिकवायचा म्हणजे शाळेतल्या इतिहासाशेजारी दुसरा, चर्चपुरता इतिहास उभा करायचा, अशी समजूत आमच्या मंडळीतही आहे. मुलांची तर ती आपोआपच होते, कारण पाठ्यपुस्तकातला इराणी सम्राट सायरस बायबलमध्ये कोरेश असतो, डरायस दारयावेश होतो आणि झर्क्सिस अहश्वेरोश होतो. ही नावे एकाच माणसांची आहेत हे कोणी सांगितले नाही, तर शाळेचे जग आणि देवळातले जग अशी दोन जगे मुलांच्या डोक्यात कायमची पक्की होतात. आमच्या गावातल्या मुलांना खरे तर हे समजावणे सोपे जावे. बेळगाव आणि बेळगावी ही एकाच गावाची नावे आहेत, हे त्यांना बसच्या पाटीवरूनच कळलेले असते. अहश्वेरोशाचे राज्य हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंत होते, हे एस्तेरच्या पुस्तकातले पहिलेच वाक्य नकाशावर बोट ठेवून वाचले, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही उठून पुढे आली.

कोरेशावर आम्ही तीन रविवार घालवले. इ. स. पू. ५३९ मध्ये त्याने बाबेल, म्हणजे बॅबिलोन, घेतले आणि बंदिवासातल्या यहुद्यांना यरुशलेमला परतून मंदिर बांधण्याची मुभा दिली. बायबलमधला यशया संदेष्टा त्याला देवाचा अभिषिक्त म्हणतो. १८७९ मध्ये बाबेलच्या अवशेषांत कोरेशाचा मातीचा एक कोरीव लेख सापडला. त्यात मात्र विजयाचे श्रेय मार्दुक या बाबेली देवाला दिलेले आहे, आणि यहुद्यांचा उल्लेखच नाही. "मग खरं कुठलं, बाई?" हा प्रश्न येणारच होता. मी म्हणाले, बाबेल पडले ही घटना दोन्हीकडे एकच आहे; ती कोणी घडवली, हे सांगताना प्रत्येक जण आपली श्रद्धा सांगतो, आणि आपणही तेच करतो. तेव्हा आपला विश्वास कोणता आणि पुरावा कोणता, हे वेगवेगळे सांगता आले पाहिजे.

तोच न्याय मधल्या गाठीलाही लावला. इसवी सनाची गणना ५२५ मध्ये डायोनिसियस एक्झिगुअस या मठवासीयाने मांडली. पण येशूचा जन्म हेरोद राजा जिवंत असताना झाला असे शुभवर्तमानात मत्तय सांगतो आणि बहुतेक अभ्यासक हेरोदाचा मृत्यू इ. स. पू. ४ मध्ये धरतात. म्हणजे गाठ थोडी सरकवायला हवी. मुलांनी पट्टीने मोजले तर चूक जेमतेम सेंटिमीटरभर, गाठीच्या जाडीएवढीच निघाली. गाठ आहे तिथेच ठेवली.

अवघड काम पुढे होते. गोव्यातले इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या संशयावरून लोकांची चौकशी करून शिक्षा देणारे कॅथलिक चर्चचे न्यायासन, १५६० मध्ये सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद पडले. सुतळीवर ते अर्धा मीटर भरते. चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि आमच्या शेजारपाजारची कित्येक कॅथलिक कुटुंबे तिकडूनच आलेली. एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की ही पट्टी लावू नये, मुलांची श्रद्धा डळमळेल. मी मान दिला, पण ऐकले नाही. दावीद राजाने आपल्याच सैनिकाला, उरीयाला, मारवले हे बायबलने झाकलेले नाही, आणि नाथान संदेष्ट्याने राजाच्या तोंडावर "तो मनुष्य तूच" म्हटले, हेही त्याच पुस्तकात आहे. शिवाय त्या न्यायासनापुढे उभे केलेल्यांत बाप्तिस्मा घेतलेले पण जुने रीतिरिवाज पाळण्याचा संशय असलेले लोक पुष्कळ होते. तेही आपलेच होते. काळ्या कागदाची ती पट्टी मुलांनीच कापली, आणि एरवी एवढी बडबडणारी मुले त्या दिवशी गप्प होती.

गेल्या रविवारी बाबा पदमनजींची चिठ्ठी लावली. १८३१ मध्ये इथेच बेळगावात जन्मलेला हा माणूस ख्रिस्ती झाला आणि १८५७ मध्ये विधवांच्या दुःखावर 'यमुनापर्यटन' लिहून बसला, जी मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. चौथीतल्या एका मुलीने चिठ्ठीपासून सुतळीच्या टोकापर्यंतचे अंतर हाताने मोजले, दोन विती आणि चार बोटे भरले, आणि तिचा विश्वासच बसेना. तिने दुसऱ्या हाताने पुन्हा मोजून पाहिले.