उजवा हात सोडताना

भाचीला अठरावे वर्ष पूर्ण झाल्यापासून घरात लर्निंग लायसन्सखेरीज दुसरा विषय नाही. परवा दुपारी, बाहेर नागपुरी ऊन आणि आत कूलरची घरघर अशा वेळी, ती मोबाइलवर परीक्षेचे प्रश्न वाचत पडली होती. वाचता वाचता ती उठून बसली आणि उजवा हात आडवा पसरून हवेत गोल फिरवू लागली. डावीकडे वळायचे असेल तर उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचा, असे उत्तर होते.

"पण मामा, उजवा हात सोडला तर अ‍ॅक्सिलरेटर कोण देईल?"

प्रश्न रास्त होता. हे इशारे ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा मोटारचालक असावा; त्याचा उजवा हात खिडकीशी असतो आणि वेग द्यायला पाय मोकळा असतो. मोटारसायकलवर उजव्या मुठीत अ‍ॅक्सिलरेटर आणि त्याच मुठीपुढे पुढच्या चाकाचा ब्रेक. मूठ सोडली की स्प्रिंगच्या ओढीने ती मागे फिरते आणि गाडी आपोआप मंदावते. त्यामुळे तळवा जमिनीकडे करून हात वरखाली हलवण्याचा, म्हणजे वेग कमी करत असल्याचा इशारा दुचाकीस्वाराने दिला, तर तो कधीच खोटा ठरत नाही. बाकीच्या इशाऱ्यांसाठी मात्र आधीपासून विचार करावा लागतो. वळणाच्या पुरेसे अलीकडे हात दाखवायचा, तो मुठीवर परत आणायचा आणि मगच ब्रेक लावून वळायचे.

आमच्या बाबांनी यावर सोपा तोडगा काढला होता. त्यांच्या स्कूटरचे इंडिकेटर केव्हाच निकामी झालेले होते आणि हात देण्याचे खाते मागे बसणाऱ्याकडे असे. आई बरोबर असली की मी पुढे उभा आणि हे काम तिच्याकडे. एका हाताने पदर आणि पिशवी सावरत दुसरा हात ती इतक्या संकोचाने बाहेर काढी की तो मागच्याला दिसला असेल की नाही, याची शंकाच आहे. ती नसली की मला मागच्या सीटवर बढती मिळे. शंकरनगर चौक जवळ आला की बाबा मान न वळवता म्हणत, "हात दे," आणि मी खांद्यापासून बोटांपर्यंत ताठ असा हात सगळ्या वेस्ट हायकोर्ट रोडला दिसेल अशा बेताने लांब करी. एवढ्या जबाबदारीच्या कामासाठी मला कोणी लायसन्स विचारले नाही.

इंडिकेटरविषयी माझे मत तेव्हापासून फारसे चांगले नाही. बहुतेक दुचाकींवर तो आपणहून बंद होत नाही. धंतोलीत लागलेला उजवा इंडिकेटर खामल्यापर्यंत लुकलुकत जातो आणि मागच्याने तेवढा वेळ भविष्य वर्तवत बसायचे. हात दुखायला लागला की निदान खाली तरी येतो.

मोटारसायकल मी शिकलो ती रेशीमबागेच्या मैदानावर, पहाटे, एका मावसभावाकडून. क्लच हळूहळू कसा सोडावा, हे त्याने तळमळीने शिकवले. थांबायचे कसे, हे गृहीत धरले. त्याची गाडी जुनी बुलेट होती, गिअर उजव्या पायाखाली आणि ब्रेक डाव्या. इतर गाड्यांवर नेमके उलट असते. पण लायसन्सवर 'विथ गिअर' एवढेच लिहिलेले असते, कोणत्या पायाने, हे कोणी विचारत नाही. आरटीओच्या चाचणीत पाय न टेकवता आठचा आकडा काढला की झाले. तो काढताना हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकवर गाडी तोलावी लागते व नजर चाकाखाली न ठेवता पुढच्या वळणावर ठेवावी लागते. खरे शिक्षण मला वाटते तेवढेच आहे.

भाचीलाही विथ गिअरच हवे आहे. विदाऊट गिअरच्या लायसन्सवर मोटारसायकल चालवता येत नाही, हे तिने मला ऐकवले. तिच्या क्लासमधली सोळा वर्षांची मुले सर्रास एकशेदहा सीसीच्या स्कूटरवर येतात; सोळाव्या वर्षाची सवलत फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला आहे. ती लुनाच्या काळात उपयोगी होती, आता तशी पेट्रोलची गाडी दुकानात कुठे मिळते? २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलांच्या पालकांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्या पालकांना कोणी सांगितलेले दिसत नाही.

लर्निंग हातात आल्यावर पक्क्या लायसन्ससाठी किमान तीस दिवस थांबावे लागते आणि तोवर गाडीवर लाल एल लावून फिरायचे. त्या काळात मागे बसवता येतो तो फक्त लायसन्स असलेला शिकवणारा. ती जागा माझी, हे तिने परस्पर ठरवून टाकले आहे. मात्र वळताना मी मागून हात द्यायचा नाही, लोक हसतात, अशी अट घातली आहे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे आणि तिच्या घरी एकच आहे. तेव्हा दुसरे, आयएसआयचे, आणावे लागेल. मे महिन्यातल्या नागपुरात ते घालून दुपारी कोणत्याही मैदानावर मी येणार नाही, एवढे मात्र तिला आजच सांगून ठेवले पाहिजे.