लॅव्हेंडर फक्त पाच मिनिटं

गेले तीन शनिवार मी एकच कॉकटेल करतेय आणि काल ते एकदाचं जमलं, म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतेय. लॅव्हेंडर घातलेलं जिन सावर. सावरमध्ये तसं काही नसतंच, जिन, लिंबू आणि साखरेचा पाक, बस. फुलांचा वास आणायचा तो पाकातून. पहिल्या शनिवारी मी सुकं लॅव्हेंडर चांगलं मूठभर टाकलं आणि पाक दहा मिनिटं उकळत ठेवला, घरभर इतका सुंदर वास सुटला की मी खूश, आणि पहिला घोट घेतला तर तोंडात साबण गेल्यासारखं. सगळं ओतून द्यावं लागलं, चांगली जिन वाया गेली याचं फार वाईट वाटलं.

लॅव्हेंडरच्या वासात लिनालूल नावाचं एक द्रव्य असतं, साबणात आणि अत्तरातही तेच वापरतात, म्हणून जरा जास्त झालं की जिभेला लगेच न्हाणीघर आठवतं. पण गंमत अशी की हेच लिनालूल धण्यात भरपूर असतं, आणि जिनमध्ये ज्युनिपरच्या (जिनला तिचा मुख्य वास देणाऱ्या बोरासारख्या फळांच्या) खालोखाल जवळजवळ प्रत्येक जण धनेच घालतो! म्हणजे लॅव्हेंडर आणि जिन यांची ओळख आधीपासूनच आहे, आपण फक्त हात आवरायचा. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं.

तर पाक असा. एक कप साखर, एक कप पाणी, साखर विरघळली की गॅस बंद. मग एक सपाट चमचा सुकं लॅव्हेंडर टाकायचं, झाकण ठेवायचं (वास वाफेबरोबर उडून जातो, म्हणून झाकण हवंच) आणि पाच मिनिटांनी गाळून घ्यायचं. दुसऱ्या शनिवारी मी फोनवर बोलत बसले आणि वीस मिनिटं झाली, तर मागे कडवटपणा राहिला. त्यामुळे टायमर लावा. पाक पूर्ण गार होऊ द्या, फ्रीजमध्ये आठवडाभर आरामात राहतो.

माप ६० मिली जिन, २२ मिली लिंबाचा रस, २२ मिली पाक. जिन साधी लंडन ड्रायच (गोडवा नसलेली, नेहमीची जिन) घ्या, आधीच फुलांचा किंवा फळांचा फ्लेवर असलेली घेतली तर सगळं एकमेकांत मिसळून नुसतं गोडमिट्ट लागतं असं माझं ठाम मत आहे. लिंबू आयत्या वेळी पिळा. शेकर बर्फाने भरा आणि बारा-पंधरा सेकंद जोरात हलवा, स्टीलवर बाहेरून पांढुरकं धुकं धरतं आणि बोटं बधीर व्हायला लागतात, तेव्हा थांबायचं आणि ग्लासात गाळून घ्यायचं.

गार पेयाचा वास दबतो, म्हणून वर लॅव्हेंडरची एक काडी ठेवते, ठेवायच्या आधी तळहातावर हलकेच आपटायची. घोट घेताना नाक त्या काडीजवळ जातं आणि अर्धं फूल तिथेच मिळतं, पाकात ओतायची गरजच उरत नाही. पण काडी खाण्यासाठी पिकवलेलीच हवी. बुकेतली फुलं ग्लासात अजिबात नको, त्यांच्यावर औषधं फवारलेली असतात, आणि कण्हेरीसारखी फुलं तर विषारीच.

फुलांचा हा नाद जुना आहे. न्यूयॉर्कच्या ह्यूगो एन्सलिन नावाच्या बारटेंडरने १९१६ मध्ये एव्हिएशन नावाच्या कॉकटेलची कृती छापली, त्यात जिन आणि लिंबाबरोबर मारास्किनो (चेरीचं लिक्युअर, म्हणजे गोड मद्य) आणि व्हायोलेट फुलांचं लिक्युअर आहे. तेही अगदी थोडंसं, दोनच डॅश, म्हणजे काही थेंबच!

काल मी आणखी एक केलं. जिनमध्ये गोकर्णाची सात-आठ सुकी फुलं अर्धा तास भिजवली, जिन गडद निळी झाली, चवीत फारसा फरक नाही. ही जिन शेकरमध्ये नाही घातली. ग्लासात बर्फ, त्यावर लिंबू आणि पाक ढवळून, थोडं गार पाणी (शेकरमध्ये बर्फ वितळून मिळतं तेवढं), आणि वरून चमच्याच्या पाठीवरून निळी जिन अगदी हळू. पाक जड, जिन हलकी, म्हणून ती वरच राहते. मग ढवळायच्या काडीने एकदाच ढवळलं, तर लिंबाच्या आंबटपणाने निळ्याच्या कडेला जांभळा रंग धरला, मग खाली गुलाबी धागे उतरायला लागले, आणि मी ग्लास खिडकीजवळ धरून बघत उभी राहिले, बर्फ विरघळेपर्यंत.